एकदा विकलेला माल

पावतीच्या तळाशी, बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. लहानपणापासून ती इतक्या वेळा डोळ्यांखालून गेलेली असते की हा सरकारनेच केलेला कायदा असावा, असं वाटू लागतं. कायदा याच्या नेमका उलट आहे. सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे द्यायला नकार देणं, ही भारतात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरते. ती ओळ मात्र टिकून आहे. दुकानं मोबाइलमध्ये गेली तेव्हा तीही सोबत गेली. आता ती पावतीवर नसते. कुणीही न वाचलेल्या लांबलचक करारात, ‘मला मान्य आहे’ या बटणामागे असते.

साडीच्या दुकानात परत आलेल्या दोन बायका डोळ्यांसमोर आणा. एकीला घरी गेल्यावर रंग आवडेनासा झाला आहे. दुसरीच्या साडीला विणीतच भोक निघालं आहे. पहिलीला दुकानदार साडी बदलून देतो ती गिऱ्हाईक टिकावं म्हणून. ती त्याची मर्जी. दुसरीला बदलून द्यावीच लागते. हा फरक तिथे कुणी कुणाला समजावून सांगत नाही, कारण भोक दिसतं. गेम, ॲप, ई-पुस्तक, ऑनलाइन कोर्स, भाड्याने घेतलेला सिनेमा किंवा वर्षभराची सबस्क्रिप्शन यांतलं भोक असं बोट ठेवून दाखवता येत नाही. मग विकणारे काय करतात? मन बदललेल्या गिऱ्हाइकासाठी केलेला नियम ते सदोष माल मिळालेल्या गिऱ्हाइकालाही लावतात. ‘चौदा दिवस उलटून गेले’, ‘एकदा डाउनलोड केलं की परतावा नाही’, ‘आमच्या धोरणात बसत नाही’, ही सगळी उत्तरं पहिल्या बाईसाठी आहेत. ती दुसरीला देता येतात का, एवढाच या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

याचं सर्वांत सविस्तर उत्तर एका ऑस्ट्रेलियन न्यायालयाने दिलं, म्हणून तिथून सुरुवात करू.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू शहरात व्हॉल्व्ह नावाची कंपनी आहे. ‘हाफ-लाइफ’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ या गेममुळे ती खेळणाऱ्यांना ठाऊक होतीच. २००३ मध्ये तिने ‘स्टीम’ सुरू केलं. आधी ते कंपनीच्याच गेमना नव्या आवृत्त्या पोहोचवण्याचं साधन होतं, पुढे संगणकावरच्या गेमचं सर्वांत मोठं ऑनलाइन दुकान झालं. खोकं नाही, सीडी नाही. पैसे भरले की गेम खात्यात जमा. आणि या दुकानाच्या करारात बरीच वर्षं असं लिहिलेलं होतं की भरलेली रक्कम पूर्ण किंवा अंशतः, कशीही परत मिळणार नाही.

ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये व्हॉल्व्हला फेडरल कोर्टात उभं केलं. २०११ पासून तिथे लागू असलेल्या ग्राहक कायद्यात काही हमी विक्रीबरोबर आपोआप येतात. माल स्वीकारार्ह दर्जाचा असला पाहिजे, वर्णनाशी जुळला पाहिजे. मोठा दोष निघाला तर गिऱ्हाईक पैसे परत मागू शकतं. दुकानदाराने कागदावर काहीही लिहून घेतलं तरी या हमी रद्द होत नाहीत. आयोगाचा मुद्दा एवढाच होता की परतावा मिळणारच नाही असं सांगून व्हॉल्व्ह लोकांची दिशाभूल करते आहे. इथे भांडण मन बदलणाऱ्यांचं नव्हतंच. त्यांना ऑस्ट्रेलियाचा कायदाही काही देत नाही.

व्हॉल्व्हने तीन बचाव मांडले. ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण कोणत्याही कंपनीच्या ग्राहक सेवेशी बोलताना यांतला एखादा हमखास भेटतो. आमचा करार वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याखाली आहे, हा पहिला. आम्ही वस्तू विकत नाही, गेम खेळायचा परवाना देतो, त्यामुळे वस्तूंच्या हमीचा प्रश्न येत नाही, हा दुसरा. आणि तिसरा असा की आमचा ऑस्ट्रेलियात व्यवसायच नाही.

२४ मार्च २०१६ रोजी न्यायमूर्ती जेम्स एडलमन यांनी निकाल दिला. तिसरा बचाव तथ्यांपुढेच कोसळला. ऑस्ट्रेलियात स्टीमची सुमारे २२ लाख खाती होती. गेम लवकर उतरावेत म्हणून कंपनीने तिथे सर्व्हर ठेवले होते, त्यांची मूळ किंमत १२ लाख अमेरिकी डॉलर होती, आणि ते ठेवण्याचा खर्च स्थानिक कंपन्यांना दिला जात होता. फलक लावलेलं दुकान नसलं म्हणून धंदा नाही, असं होत नाही. पहिल्या बचावावर न्यायालयाने सांगितलं की करारात परदेशी कायदा नेमला म्हणून ऑस्ट्रेलियन ग्राहकाची हमी नाहीशी होत नाही. आयोगाचा प्रत्येक आरोप टिकला असं मात्र नाही. काही फेटाळलेही गेले.

दुसरा बचाव थोडा थांबून पाहावा असा आहे. ‘आम्ही विकत नाही, परवाना देतो’ हे डिजिटल व्यापाराचं सर्वांत आवडतं वाक्य. त्यात तथ्यही आहे. गेमची एक प्रत घेतली म्हणजे गेमचे हक्क घेतले असं कुणीच म्हणत नाही. पण ऑस्ट्रेलियाच्या कायदेमंडळाने वाद व्हायच्या आधीच ‘वस्तू’च्या व्याख्येत संगणक सॉफ्टवेअरचा स्पष्ट उल्लेख करून ठेवला होता, आणि तो कामी आला. आपल्याकडे हाच वाद वेगळ्या वाटेने, म्हणजे करापायी, सर्वोच्च न्यायालयात गेला होता. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या २००४ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की सीडीवर विकलं जाणारं तयार सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ आहे, त्यावर विक्रीकर लागतो. तिजोरीत कर भरताना जी वस्तू असते ती गिऱ्हाइकाला पैसे परत देताना हवेत विरावी, हे कोणत्याही राज्यात फार दिवस चालण्यासारखं नाही.

दंड किती, यावरही घासाघीस झाली. आयोगाने ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले. अडीच लाख पुरेसे आहेत, असं व्हॉल्व्हचं म्हणणं. सुनावणीत हेही पुढे आलं होतं की ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी ‘परतावा’ या शब्दासह पाठवलेल्या तक्रारी २१ हजारांहून अधिक होत्या, आणि एवढा धंदा करूनही कंपनीने तिथल्या कायद्याबद्दल वेळेवर सल्ला घेतलेला नव्हता. डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने पूर्ण ३० लाखांचा दंड ठोठावला. वरच्या न्यायपीठाने डिसेंबर २०१७ मध्ये अपील फेटाळलं आणि एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

खटला चालू असतानाच, जून २०१५ मध्ये, स्टीमने जगभरासाठी परताव्याचं नवं धोरण आणलं. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर कारण न विचारता पैसे परत. आगाऊ नोंदवलेल्या गेमचे पैसे तो बाजारात येण्यापूर्वी कधीही परत. रक्कम हवी तर स्टीमच्या पाकिटात, हवी तर ज्या मार्गाने भरली त्याच मार्गाने. भारतातल्या ग्राहकालाही हेच लागू आहे. धोरण खरोखर उदार आहे. बरेच विकणारे आजही एवढं देत नाहीत.

पण ते मन बदललेल्यांसाठी आहे, हे विसरलं की उदारपणाच सापळा होतो. साठ तासांचा गेम चाळिसाव्या तासाला एका ठरावीक दृश्यावर दर वेळी बंद पडत असेल, तर दोन तासांच्या नियमाशी त्याचा काही संबंध नाही. तो दोष आहे. सोनी कंपनीला ऑस्ट्रेलियात नेमकं हेच महागात पडलं. तिचे कर्मचारी ग्राहकांना सांगत होते की गेम डाउनलोड झाला किंवा १४ दिवस उलटले की परतावा द्यायला आम्ही बांधील नाही. काहींना पैशांऐवजी प्लेस्टेशनच्या आभासी चलनात रक्कम देऊ केली गेली. जून २०२० मध्ये न्यायालयाने ३५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड लावला.

त्याच वर्षीच्या १० डिसेंबरला ‘सायबरपंक २०७७’ हा गेम आला. कित्येक वर्षं जाहिरात झालेली, लाखोंनी आगाऊ पैसे भरलेले. जुन्या प्लेस्टेशन ४ वर तो धड चालेना. पात्रं जमिनीत रुतत, चित्र तुटत जाई, मध्येच सगळं बंद पडे. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि तिथून घेतलेल्या ज्यांना हवे असतील त्या सर्वांना पूर्ण पैसे देऊ केले. कुणी किती तास खेळलं हे तेव्हा आड आलं नाही. पुढच्या जूनमध्ये दुरुस्त होऊन तो पुन्हा विक्रीला आला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. दोन तासांच्या आत संपणारे छोटे गेम बनवणारे लोक आहेत. बहुतेकदा एकटे किंवा दोघं-तिघं. ‘समर ऑफ फिफ्टी एट’ या भयकथेच्या गेमच्या निर्मात्याने २०२१ मध्ये जाहीर केलं की लोक गेम पूर्ण खेळतात, चांगला अभिप्रायही देतात आणि मग पैसे परत घेतात, म्हणून आपण हे काम अनिश्चित काळासाठी सोडतो आहोत. हे वागणं कायद्यात बसतं, स्टीमच्या धोरणात बसतं आणि तरीही ते फुकटेगिरीच आहे. मला वाटतं, छोट्या गेमसाठी मुदत त्यांच्या लांबीच्या प्रमाणात ठेवायला हवी होती. एकच फूटपट्टी सगळ्यांना लावण्यात दुकानाची सोय झाली आणि भुर्दंड लहान कारागिराला पडला.

युरोपीय संघाने दोन्ही बायकांसाठी वेगवेगळे कायदे केले. २०११ च्या निर्देशानुसार, जून २०१४ पासून, दूरस्थ खरेदी १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते. अडचण उघड होती: चौदा दिवसांत सिनेमा बघून, पुस्तक वाचून होतं. म्हणून त्यात एक अपवाद घातला. मजकूर लगेच सुरू करा असं ग्राहकाने स्पष्टपणे सांगितलं आणि त्यामुळे रद्द करण्याचा हक्क जातो हे मान्य केलं, तर तो हक्क जातो. खरेदीच्या वेळी जो चौकोन टिचकी मारायला लावतात, त्याचा युरोपात अर्थ हा आहे. घाईत टिचकी मारणाऱ्याला वाटतं की आपण सगळेच हक्क सोडले. तसं नाही; सुटतो तो फक्त मन बदलायचा हक्क. दोषासाठीचा २०१९ चा वेगळा निर्देश जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार डिजिटल मजकूर किंवा सेवा सांगितल्याप्रमाणे नसेल तर आधी दुरुस्ती, ती जमली नाही तर किंमत कमी करणं किंवा करार संपवून पैसे परत. पहिल्या वर्षात दोष दिसला तर तो सुरुवातीपासून नव्हता, हे विकणाऱ्याने सिद्ध करायचं. ग्राहकाने पैशांऐवजी स्वतःची वैयक्तिक माहिती दिली असेल, तरी हा कायदा सहसा लागू होतो. ‘फुकट’ ॲपच्या जमान्यात हे कलम फार दूरदृष्टीचं वाटतं. ब्रिटनने २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात डिजिटल मजकुरासाठी स्वतंत्र प्रकरणच लिहिलं. तिथेही क्रम दुरुस्तीपासून सुरू होतो.

अमेरिकेत डिजिटल खरेदीवर परताव्याचा असा सार्वत्रिक हक्क नाही. तिथल्या मोठ्या कारवाया तिसऱ्याच गोष्टीवर झाल्या: खरेदीला संमती होती का? मुलाच्या हातात फोन, गेममध्ये हिऱ्यांच्या पेट्या, आणि महिनाअखेर बापाच्या कार्डावर बिल. ॲपलच्या दुकानात एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटं मूल पुन्हा न विचारता खरेदी करू शकत होतं, आणि पालकांना हे सांगितलेलं नव्हतं. संघीय व्यापार आयोगाशी तडजोड करून कंपनीने जानेवारी २०१४ मध्ये किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करायचं कबूल केलं. गुगलने त्याच वर्षी १ कोटी ९० लाख. ‘फोर्टनाइट’ची एपिक गेम्स ही कंपनी २०२२ मध्ये याच आयोगाशी झालेल्या तडजोडीत २४ कोटी ५० लाख डॉलरवर गेली. त्या प्रकरणातला एक आरोप भारतीय ग्राहकानेही ध्यानात ठेवावा: ज्यांनी बँकेमार्फत रक्कम परत घेण्याचा प्रयत्न केला, त्यांची खाती कंपनीने कुलूपबंद केली, आणि त्यांत पूर्वी विकत घेतलेलं सगळं अडकलं.

अल्पवयीन मुलांबाबत आपल्याकडचा कायदा जुना आणि कडक आहे. कोलकात्याच्या एका अल्पवयीन मालकाने घर गहाण टाकल्याच्या प्रकरणात, मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष या १९०३ च्या निकालात, प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं की अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य. पण मोबाइलमधलं खातं आईच्या नावावर असतं, यूपीआय बाबांचं असतं. कंपनी म्हणते, करार मुलाशी नाहीच, तुमच्याशी आहे. अशा वेळी १९०३ पेक्षा २०२० चा नियम जास्त उपयोगी पडतो. त्याकडे आता येऊ.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि लगोलग २३ जुलैला ई-कॉमर्सचे नियम आले. महाराष्ट्रातली ग्राहक चळवळ याहून कितीतरी जुनी. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची, आणि देशातला पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. १९८६ च्या कायद्यासमोर अर्थातच किराणा, गॅस आणि मिक्सर होते. नव्या कायद्याने ई-कॉमर्सच्या व्याख्येतच ‘डिजिटल उत्पादने’ आणली. गेम ही वस्तू की सेवा, या वादात इथे फारसं अडकावं लागत नाही, कारण वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी या दोन्हींवर दाद मागता येते. परदेशात नोंदलेली कंपनी भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल देत असेल, तर हे नियम तिलाही लागू आहेत. म्हणजे व्हॉल्व्हचा तिसरा बचाव इथे नियमातच बंद केलेला आहे.

भारतात पहिल्या बाईला कायद्याने काही दिलेलं नाही. चौदा दिवसांत मन बदलण्याचा युरोपसारखा सर्वसाधारण हक्क आपल्याकडे नाही. तिथे कंपनीचं धोरण चालतं, मात्र ते खरेदीपूर्वी दिसेल असं सांगणं बंधनकारक आहे. दुसरीची बाजू पुष्कळ भक्कम आहे. माल सदोष असेल, सेवेत त्रुटी असेल, जाहिरातीत सांगितलेले गुण नसतील किंवा ठरल्या वेळेनंतर मिळालं असेल, तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही, असं नियम सांगतो. आणि मूळ कायदा म्हणतो की सदोष माल परत घेऊन किंवा त्रुटीची सेवा बंद करून, बिलात लिहिलेल्या मुदतीत पैसे दिले नाहीत, किंवा मुदत लिहिलेलीच नसताना ३० दिवसांत दिले नाहीत, तर ती अनुचित व्यापारी प्रथा. ‘डिजिटल मालावर परतावा नाही’ असं कुणी ठणकावलं तर या कलमाची आठवण करून द्यावी.

मुलांनी केलेल्या खरेदीसाठी उपयोगी पडणारा २०२० चा नियम मी वर म्हटला, तो संमतीचा: खरेदीची संमती ग्राहकाने स्वतःच्या स्पष्ट कृतीने दिली पाहिजे, आधीच टिचकी मारून ठेवलेला चौकोन चालत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि असे १३ प्रकार नावानिशी सांगितले. टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं, ‘फक्त पाच मिनिटं उरली’ अशी खोटी घाई, आणि ज्यातून बाहेर पडायचं बटणच सापडत नाही अशी सबस्क्रिप्शन, हे त्यांतले रोजचे. सबस्क्रिप्शनवर रिझर्व्ह बँकेचाही एक लगाम आहे. ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी यायला हवी आणि ती परवानगी रद्द करण्याची सोय हवी. हा एसएमएस आपण न वाचता पुसून टाकतो, आणि ‘मोफत चाचणी’वाल्यांचा धंदा त्यावरच चालतो.

ऑनलाइन शिकवणीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते. गेमचे दोन-तीन हजार गेले तर माणूस हळहळतो. इथे रक्कम पन्नास हजारांवर जाते आणि ती बहुधा कर्जाची असते. फोनवरचा गोड आवाज विचारतो, मुलाच्या भविष्यापेक्षा पैसा मोठा आहे का, आणि त्याच फोनवर महिन्याच्या हप्त्यांचं कर्ज मंजूर होतं. कोर्स आवडला नाही म्हणून फोन करावा तर सांगतात, तुम्ही व्हिडिओ उघडलेत, आता परतावा नाही. गंमत अशी की कोर्सवर नसलेला मन बदलण्याचा हक्क कर्जावर आहे. डिजिटल कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सुरुवातीचे काही दिवस असे असतात की मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून, दंड न देता, कर्जातून बाहेर पडता येतं. किती दिवस हे कर्ज देणारा ठरवतो, पण किमान एक द्यावाच लागतो. म्हणून असा कोर्स घेतल्याच्या दुसऱ्या सकाळी आधी कर्जाची कागदपत्रं उघडावीत, व्हिडिओ नंतर. आणि फोनवर जे जे कबूल केलं होतं, ते थेट शिकवणारे शिक्षक, शंका विचारायची वेळ, नोकरीची खात्री, ते मिळत नसेल तर आपण मन बदललेलं गिऱ्हाईक नसतो. तक्रारीत ‘मला कोर्स रद्द करायचा आहे’ असं लिहिलं की कंपनी रद्द करण्याचं धोरण दाखवते. ‘तुम्ही अमुक तारखेला अमुक देण्याचं कबूल केलं आणि दिलं नाही’ असं लिहिलं की तिला वेगळं उत्तर द्यावं लागतं.

कधी कधी विकत घेतलेलं सगळंच नाहीसं होतं. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची काही ई-पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसली, कारण ती विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. त्यांत ‘१९८४’ असावं, हा योगायोग कुणी कादंबरीत लिहिला असता तर संपादकाने कापला असता. पैसे परत दिले होते. तरी एका विद्यार्थ्याने दावा लावला, कारण पुस्तकाबरोबर त्याची टिपणंही निरुपयोगी झाली होती. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद करताना हा धडा गिरवला: पुस्तकांचे पूर्ण पैसे, आणि ज्यांनी टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलर. गुगलने ‘स्टॅडिया’ ही गेमची सेवा गुंडाळताना गेमचे पैसे दिले. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ हा गेम तर ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद झाला, तोही पूर्ण परताव्यासह. हे सगळं मोठ्या कंपन्यांना परवडतं. २०१४ मध्ये आलेला ‘द क्रू’ हा गेम युबीसॉफ्टने मार्च २०२४ मध्ये सर्व्हर बंद करून संपवला, तेव्हा तो वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांच्या हाती काही राहिलं नाही, आणि त्यातून युरोपात मोठी मोहीम उभी राहिली. कॅलिफोर्नियाने निदान एवढं केलं की २०२५ पासून विकणाऱ्याने ‘तुम्ही परवाना घेत आहात, तो काढून घेतला जाऊ शकतो’ हे आधी स्पष्ट सांगावं.

प्रत्यक्ष पैसे मागायची वेळ आली तर क्रम महत्त्वाचा. पैसे कापले गेले पण खरेदी झालीच नाही, हा परताव्याचा वाद नव्हे, तो फसलेला व्यवहार. यूपीआयवर असं झालं तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये. ॲपच्या बाबतीत प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत थेट गुगलकडे मागणी करता येते; नंतर गुगल बहुधा ॲप बनवणाऱ्याकडे बोट दाखवतं. दोष असेल तर तक्रार लेखी करावी, फोनवर नाही, आणि दोष घडतानाचा स्क्रीनशॉट किंवा व्हिडिओ जोडावा. डिजिटल मालातलं भोक दाखवायची हीच एक रीत आहे. जाहिरातीचाही स्क्रीनशॉट ठेवावा, कारण वेबसाइटवरचं वर्णन रातोरात बदलतं. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवाडा द्यायचा असतो. तेवढ्यावर भागलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने एक फार मोठी सोय केली: आपण जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची असो वा बेलव्ह्यूची, लातूरच्या ग्राहकाने लातूरलाच दाखल करावी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आणि अर्ज ‘ई-जागृती’ या पोर्टलवरून घरबसल्या जातो. कार्डाच्या बँकेकडे रक्कम उलटवून मागण्याचा मार्ग शेवटी ठेवावा. त्या खात्यात आपली इतर खरेदी असेल तर फोर्टनाइटवाल्यांचं काय झालं ते आठवावं.

आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे. ती तक्रारीचं कारण घडलं तेव्हापासून धरतात. कंपनी ‘आमची टीम पाहते आहे’ अशी मेल वर्षभर पाठवत राहिली तरी त्याने मुदत आपोआप वाढत नाही.